हॉट सीटआधीचे सहा आठवडे

बडोद्यातील मांजलपूर येथील एका तरुण अभियंत्याने विचारले आहे: "काका, दूरचित्रवाणीवरील सामान्यज्ञानाच्या स्पर्धेसाठी माझी निवड झाली असून चित्रीकरणाला मुंबईस जाण्यास साधारण सहा आठवडे उरले आहेत. कामावरून आल्यावर रोज तीन तास मिळतात. तेवढ्यात काय वाचावे, आणि त्या खुर्चीवर बसल्यावर कोठे थांबावे हे कसे ठरवावे? घरी मराठी, शाळा गुजराती आणि कार्यक्रम हिंदीत, याचाही थोडा धसका आहे."

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण पुढचे सारे उत्तर तिच्यातूनच आलेले आहे. गेली वीस-बावीस वर्षे मी बडोद्यात, मुख्यतः रावपुरा आणि दांडिया बाजार भागांतील मुलामुलींची, प्रश्नमंजूषांसाठी तयारी करून घेत आलो आहे. परंतु कॅमेऱ्यासमोर त्या खुर्चीवर मी स्वतः एकदाच बसलो. अकरा प्रश्न पार करून ६,४०,००० रुपयांवर पोहोचलो होतो आणि एक लाइफलाइनही शिल्लक होती. बारावा प्रश्न असा होता की, १९४६-४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची भागीदारी करताना विजय हजारे यांचा जोडीदार कोण होता. पर्याय होते गुल महंमद, विनू मांकड, सी. एस. नायडू आणि हेमू अधिकारी. बडोद्याच्या माणसाला हा अगदी घरचा प्रश्न. सामना बडोद्यातच झालेला, आणि माझे वडील त्याची गोष्ट दर पावसाळ्यात, मैदानावरचे क्रिकेट बंद असे म्हणून की काय, रंगवून सांगत. त्यांच्या गोष्टीत हजाऱ्यांच्या समोरच्या टोकाला नेहमी हेमू अधिकारी उभे असत. मी क्षणाचाही विलंब न लावता अधिकाऱ्यांचे नाव लॉक करायला सांगितले. बरोबर उत्तर गुल महंमद हे होते. त्या डावात त्यांनी ३१९ धावा केल्या होत्या आणि हजाऱ्यांनी २८८. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील कोणत्याही विकेटसाठीची ही जगातील सर्वांत मोठी भागीदारी २००६ पर्यंत, म्हणजे संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडेपर्यंत, अबाधित होती, आणि तिच्यातला अर्धा वाटेकरी आपल्याला ठाऊक नाही हेच मला ठाऊक नव्हते. मी ३,२०,००० वर येऊन उठलो.

मला बोचली ती चूक पैशांची नव्हती. ती गोष्ट मी कधीही वाचलेली नव्हती, केवळ ऐकलेली होती, आणि तरीही माझ्या मनात तिची जागा वाचून पडताळलेल्या माहितीच्या शेजारी, तितक्याच ऐटीत होती. एखाद्या नावाविषयी जरा जरी शंका वाटली असती तर हाताशी असलेली लाइफलाइन मी वापरली असती. शंका वाटलीच नाही. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, या सहा आठवड्यांत नवी माहिती गोळा करण्याला निम्म्यापेक्षा अधिक वेळ देऊ नका. उरलेला वेळ आपल्याजवळ असलेल्या माहितीची पारख करण्यात घालवा.

त्यासाठी एक वही करा. जुन्या स्पर्धांचे किंवा कोणत्याही बऱ्या पुस्तकातले प्रश्न पर्यायांसह घ्या, रोज चाळीस पुरेत. पहिल्या रकान्यात आपले उत्तर लिहा, दुसऱ्यात त्या उत्तराची आपल्याला किती टक्के खात्री वाटते तो आकडा, तिसऱ्यात ही माहिती आपल्याकडे कोठून आली ते (वाचले, ऐकले, की पर्याय पाहून जुळवले), आणि खरे उत्तर पाहिल्यावर चौथ्यात बरोबर किंवा चूक. दहा दिवसांनी चारशे नोंदी जमतात. मग ज्या ज्या ठिकाणी नव्वद टक्के लिहिले होते त्या नोंदी वेगळ्या काढून त्यांतली किती उत्तरे खरोखर बरोबर निघाली ते मोजा. मी ही मोजणी त्या स्पर्धेनंतर, म्हणजे वरातीमागून घोडे नाचवल्यासारखी केली, तेव्हा माझे 'नव्वद टक्के' दहापैकी जेमतेम सात वेळा खरे ठरत होते. आणि 'ऐकले' असे लिहिलेल्या नोंदी तर लाज वाटावी अशा होत्या. उलट ज्या विषयांत मी भीतभीत साठ लिहीत होतो, उदाहरणार्थ नद्या आणि घाट, तेथे मी बहुतेक वेळा बरोबर होतो. अशी मोजणी प्रत्येकाची निराळी येते आणि ती दुसऱ्याकडून उसनी घेता येत नाही.

आता वाचनाविषयी. प्रश्न तयार करणाऱ्यांच्या जागी स्वतःला बसवून पाहा. त्यांना असा प्रश्न हवा असतो ज्याचे उत्तर एकच आहे, कागदोपत्री सिद्ध करता येते आणि उद्या कोणी भांडायला आले तर दाखवता येते. त्यामुळे 'सर्वांत थोर कोण' असले प्रश्न येत नाहीत. 'पहिला कोण', 'कोणत्या वर्षी', 'राज्यघटनेनुसार कोणाला अधिकार' असे येतात. २००० मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकणारे पहिले स्पर्धक, आपले हर्षवर्धन नवाथे, यांना शेवटी विचारले गेले होते की संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा घटना कोणाला देते. उत्तर महान्यायवादी, म्हणजे अॅटर्नी जनरल. घटनेचे ८८ वे कलम. ज्याने घटना एकदा सलग वाचली आहे त्याला हा प्रश्न एक कोटीचा वाटणार नाही. मोतिहारीच्या सुशील कुमार यांना २०११ मध्ये पाच कोटींसाठी विचारलेला प्रश्न त्याहून शिकण्यासारखा आहे. १८६८ मध्ये निकोबार बेटांवरील हक्क ब्रिटिशांना विकून भारतातील आपला कारभार कोणत्या युरोपीय सत्तेने संपवला, असा तो होता. हे वर्ष पाठ असणारा माणूस विरळाच, परंतु वाट काढता येते: फ्रेंच पाँडिचेरीत १९५४ पर्यंत होते, पोर्तुगीज गोव्यात १९६१ पर्यंत होते, म्हणजे १८६८ मध्ये कारभार गुंडाळणारे ते नव्हेत, आणि तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीचा डॅनिश किल्ला ज्याला आठवतो तो डेन्मार्कपर्यंत येऊन पोहोचतो. अशा उत्तराची खात्री मी ऐंशी टक्के धरीन, शंभर नव्हे, आणि वहीत त्यापुढे 'जुळवले' असे लिहीन.

वर्षे पाठ करण्याची माझी पद्धत खुंट्यांची आहे. एक वर्ष असे निवडायचे की ज्याच्याशी आपले काही नाते आहे, आणि त्या खुंटीला इतर घटना टांगायच्या. बडोद्याच्या मराठी माणसाला यात आयती सोय आहे. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला. त्याच वर्षी मुंबईत आर्य समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी वल्लभभाई पटेलांचा जन्म झाला. १८९३ ही खुंटी तर भरगच्च आहे: अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, अरविंद घोष इंग्लंडहून परतून बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, टिळकांनी गणेशोत्सव सार्वजनिक केला, विवेकानंद शिकागोला बोलले आणि गांधीजी दक्षिण आफ्रिकेला गेले. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, आपल्या कलाभवनात शिकून गेलेल्या फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि टागोरांना नोबेल मिळाले. अशा पंधरा खुंट्या पक्क्या असल्या की मधली वर्षे आपोआप अलीकडे-पलीकडे बसतात. जमेल तेव्हा मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत बसा. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून जी ग्रंथालय-व्यवस्था उभी केली तिचे ते केंद्र आहे. परंतु मी तेथे पाठवतो तो इतिहासासाठी नव्हे, तर एखादे नाव दोन वेगळ्या पुस्तकांत पडताळण्याची सवय लागावी म्हणून. मोबाइलवर पहिली दिसलेली ओळ म्हणजे 'ऐकले'च्या रकान्यातलीच गोष्ट होय.

या खुंट्यांचा उपयोग सर्वांत आधी होतो तो फास्टेस्ट फिंगर फर्स्टमध्ये, म्हणजे हॉट सीटवर कोण बसणार हे ठरवणाऱ्या वेगाच्या फेरीत, आणि बरेच हुशार स्पर्धक तेथेच राहून जातात. चार गोष्टी क्रमाने लावायच्या म्हणजे चोवीस शक्यता असतात. समजा, बँक ऑफ बडोदाची स्थापना, महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना, बडोदा संस्थानभर सक्तीचे शिक्षण आणि सयाजीरावांचे दत्तकविधान हा क्रम विचारला. चारही वर्षे आठवायला गेलात तर वेळ गेलाच म्हणून समजा. दोन टोके आधी पकडावीत: दत्तकविधान सर्वांत आधी, विद्यापीठ सर्वांत शेवटी, कारण ते स्वातंत्र्यानंतरचे, १९४९ चे. एवढ्याने चोवीसच्या दोनच शक्यता उरतात आणि सक्तीचे शिक्षण (१९०६) आधी की बँक (१९०८) आधी इतकाच निवाडा करायचा राहतो. घरी सराव करताना बटणांऐवजी जुना कॅल्क्युलेटर घ्या. बोटांना न बघता चार कळा दाबता आल्या पाहिजेत. चुकीच्या कळेवर गेलेले बोट ज्ञानाने मागे येत नाही.

भाषेचा तुमचा धसका मला अनाठायी वाटत नाही, मात्र तो नको त्या ठिकाणी आहे. हिंदी तुम्हाला समजते. घात होतो तो आपल्याला समजले असे वाटणाऱ्या शब्दांनी. हिंदीत 'संविधान संशोधन' म्हणजे घटनादुरुस्ती. मराठीत आणि गुजरातीतही संशोधन म्हणजे शोधकार्य, त्यामुळे आपल्या दोन्ही भाषा एकमताने आपली दिशाभूल करतात. 'शिक्षा' म्हणजे तेथे शिक्षण, 'आपत्ति' म्हणजे आक्षेप, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. पन्नास-साठ शब्दांची अशी यादी करून ठेवा आणि शेवटच्या दोन आठवड्यांत वहीतले प्रश्न हिंदीतूनच सोडवा. माझ्या एका विद्यार्थिनीला घटनेचा सगळा भाग येत होता आणि तरी 'संशोधन' या शब्दावर ती पंधरा सेकंद थबकली होती.

लाइफलाइनचे प्रत्येकाचे तत्त्व निराळे असते. मी फक्त त्यांच्यामागचे गणित सांगतो. प्रेक्षकांच्या मतदानात ज्यांना उत्तर येते ते एकाच पर्यायावर पडतात आणि ज्यांना येत नाही ते विखुरतात. शंभरांपैकी केवळ वीस जणांना उत्तर माहीत असले आणि उरलेले ऐंशी चार पर्यायांत सारखे विभागले गेले, तर बरोबर पर्यायाला चाळीस आणि इतर प्रत्येकाला वीस मते मिळतात, म्हणजे थोड्या जाणत्यांनीही कौल स्पष्ट होतो. मात्र प्रश्न लोकसमजुतीशी भिडणारा असेल तर विखुरण्याऐवजी सगळे एकाच चुकीच्या पर्यायावर गर्दी करतात. सिनेमा, क्रिकेट, स्वयंपाकघर, सण यांसाठी प्रेक्षक उत्तम. 'पहिला कोण' यासाठी नव्हेत. फिफ्टी-फिफ्टीबाबत लक्षात ठेवायचे ते हे की ती मागण्याआधी मनाशी आपला कल ठरवावा. एखाद्या पर्यायावर तुमचा चाळीस टक्के विश्वास असेल, बाकीचे तीन सारखेच वाटत असतील आणि संगणक चुकीच्या तीनपैकी दोन पर्याय कोणताही हेतू न धरता काढत असेल, तर तुमचा पर्याय शिल्लक राहिल्यावर तो खरा असण्याची शक्यता सुमारे सदुसष्ट टक्के होते. कल न ठरवता फिफ्टी-फिफ्टी घेणाऱ्याच्या हाती निव्वळ नाणेफेक उरते. मित्राला फोन लावायचा असेल तर मित्र निवडताना त्याच्या ज्ञानापेक्षा तो आपले अज्ञान किती सरळ कबूल करतो ते पाहा. प्रश्न बारा सेकंदांत वाचून होईल असा सराव करा, आणि उत्तराबरोबर टक्के सांगायचे हे त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्या. 'बहुतेक बी असावा' या वाक्याची किंमत त्या खुर्चीवर कोणालाच करता येत नाही.

आणि लाइफलाइन घरी नेता येत नाही. पहिल्या पर्वापासून रूढ झालेली शिडी धरली, तर १०,००० आणि ३,२०,००० हे दोन पडाव आहेत, म्हणजे तेथे पोहोचल्यावर पुढे चुकले तरी रक्कम त्याखाली जात नाही. नव्या पर्वांत रकमा आणि पडाव बदलत आले आहेत, तुमच्या नियमपत्रकात असतील ते आकडे घ्या. दहाव्या प्रश्नाला हातात १,६०,००० असतात आणि चुकल्यास १०,००० वर घसरण होते. म्हणून उरलेल्या लाइफलाइन तेथे खर्च करायला मी कधीच नाही म्हणणार नाही, कारण तो पडाव ओलांडला की अकरावा प्रश्न फुकटचा आहे: हातात ३,२०,०००, चुकलात तरी ३,२०,०००. सहाव्याचेही तसेच. या दोन ठिकाणी खेळ सोडणारे स्पर्धक मी पाहिले आहेत, आणि हळहळलो आहे.

कोठे थांबावे, हा तुमचा खरा प्रश्न येथून सुरू होतो. बाराव्या प्रश्नाला हातात ६,४०,००० आहेत. बरोबर आले तर १२,५०,०००, म्हणजे लाभ ६,१०,००० चा. चुकले तर ३,२०,०००, म्हणजे तोटा ३,२०,००० चा. नुसत्या हिशेबाने पाहिल्यास खात्री चौतीस-पस्तीस टक्क्यांच्या वर असली तरी खेळणे फायद्याचे ठरते. तेराव्याला हाच आकडा त्रेचाळीसच्या आसपास जातो, चौदाव्याला सत्तेचाळीस, आणि पंधराव्याला, जेथे हातात पन्नास लाख आणि समोर एक कोटी असतात, अठ्ठेचाळीस. शिडी चढावी तसा जुगार महाग होत जातो. गंमत अशी की, एक कोटीनंतर सात कोटींचा प्रश्न ज्या पर्वांत होता आणि चुकल्यास थेट ३,२०,००० वर यावे लागे, तेथे हा आकडा अवघा चौदा टक्के येतो. म्हणजे कागदावर पाहिले तर डोळे मिटून चारपैकी एक पर्याय ठोकणेही परवडते. तरीही लोक तेथे खेळ सोडतात, आणि मला ते पटते. पहिल्या एक कोटीने घर होते, आजारपण निघते, बहिणीचे शिक्षण होते. पुढच्या सहा कोटींनी होणाऱ्या गोष्टींची यादी करायला तुमच्यामाझ्यासारख्यांना जरा विचार करावा लागेल.

त्यामुळे मी असे सुचवतो की निघण्यापूर्वी घरच्यांबरोबर बसून एक रक्कम कागदावर लिहा, जी हाती असताना ती निम्मी झाली तर घराला खरोखर झळ बसेल. त्या रकमेखाली हिशेबाच्या टक्क्यांवर खेळा. त्या रकमेवर पोहोचल्यावर पंचाहत्तरच्या खाली खेळू नका. खुर्चीवर दिवे, संगीत आणि समोरच्या सूत्रसंचालकाची आपुलकी यांत ही रक्कम नव्याने ठरवता येत नाही. माझी मात्र अडचण निराळी होती. मी असाच कागद करून गेलो होतो, पंचाहत्तरचा नियमही पाळला, कारण माझ्या मते माझी खात्री पंचाण्णव होती. गणित चुकले नव्हते. त्यात घातलेला आकडा चुकला होता. वहीचा एवढा आग्रह धरतो तो यासाठी.

कराविषयी थोडक्यात: अशा स्पर्धेतल्या बक्षिसावर सरसकट तीस टक्के प्राप्तिकर आणि त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के लागतात, तुमचे इतर उत्पन्न कितीही कमी असो. पन्नास लाखांच्या पुढे अधिभारही येतो. कर कापूनच पैसे मिळतात. १२,५०,००० जिंकलात तर हाती ८,६०,००० येतील. कागदावरची रक्कम लिहिताना ही कापलेली रक्कम धरा, पडद्यावर चमकणारी नव्हे. कपड्यांचे म्हणाल तर बारीक चौकटी किंवा रेघा टाळा, त्या कॅमेऱ्यात थरथरतात. तेथे वाट फार पाहावी लागते. त्या वेळात नवे काही वाचू नका आणि इतर स्पर्धकांशी ज्ञानाच्या गप्पा मारू नका, त्यांतले सगळे 'ऐकले'च्या रकान्यात जाऊन बसते आणि खुर्चीवर वाचल्यासारखे भासते.

दहा दिवस झाले की वही घेऊन या. रविवारी सकाळी मी घरीच असतो. उत्तरे किती बरोबर आली ते मी पाहणार नाही; तिसरा रकाना कोठे कोठे कोरा सोडला आहे ते पाहीन.